एल्डन रिंगमध्ये रोल उशिरा लागतो: दोष नेमका कुठे, ते कसं शोधायचं

"मी बटन दाबतंय, पण तो येळार लोळनाच नाय!" एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची ही तक्रार किनाऱ्यालगतच्या गावांत मृगाबरोबर सुरू होते आणि दसऱ्यापर्यंत काही थांबत नाही. मार्गिट, म्हणजे खेळात लवकर भेटणारा बॉस (मोठा शत्रू), काठी उगारतो, आपण रोलचं, म्हणजे लोळायचं, बटण दाबतो, आपला गडी फटका खाऊन आडवा होतो आणि मग, सगळं संपल्यावर, शांतपणे एक लोळण घेतो. यावरचा सल्ला ठरलेला असतो: कंट्रोलर गेला, नवा घे. पैसे जातात, तक्रार तिथेच राहते. कंट्रोलर खराब होतो, नाही असं नाही, पण संशयितांच्या रांगेत तो बराच मागे उभा असतो.

खरी अडचण अशी की 'उशीर होतो' या दोन शब्दांत तीन वेगळे दोष दडलेले असतात. एक, रोल नेहमीच उशिरा लागतो, कुठेही आणि केव्हाही. दुसरा, एरवी ठीक, पण अधूनमधून अचानक अडखळतो. तिसरा, फक्त एखाद्या बॉससमोर फसतो. तिघांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. म्हणून काहीही विकत घेण्याआधी पाच मिनिटांची एक चाचणी करा.

लिमग्रेव्ह या खेळातल्या पहिल्या प्रदेशाच्या सुरुवातीला चर्च ऑफ एलेहचं पडकं आवार आहे. काले नावाचा व्यापारी तिथे बसलेला असतो, शत्रू नसतात. तिथे उभं राहून उडीचं बटण दाबा, मग रोलचं. तलवार चालवून चाचणी करू नका, चुकून व्यापाऱ्याला लागली तर तो उलटतो. मोबाइलमध्ये स्लो मोशन असेल तर आपला अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत येतील असा मोबाइल टेकवून चित्रण करा. सेकंदाला २४० फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. अंगठा दाबला गेला तिथपासून गडी हलला तिथपर्यंतच्या फ्रेम मोजा. नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही, तुलनेवरून ठरतं: टीव्हीवर किती, लॅपटॉपच्या पडद्यावर किती, वायर लावून किती, ब्लूटूथवर किती, लाइट असताना किती, गेल्यावर किती. जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष आहे.

उडी वेळेवर, रोल मागे

असं दिसलं तर यंत्रात काही बिघडलेलं नाही. खेळ बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने यात एकाच बटणाला दोन कामं दिली आहेत. दाबून धरलं तर गडी धावतो, टिचकी मारून सोडलं तर लोळतो. आता बटण दाबल्या क्षणी तुम्हाला धावायचं आहे की लोळायचं आहे, हे खेळाला कळणार कसं? तो बटण सुटायची वाट बघतो. रोल दाबल्यावर सुरू होत नाही, सोडल्यावर सुरू होतो. उडीचं तसं नाही, ती दाबताक्षणी लागते. म्हणून चाचणीत दोन्ही करून बघायची.

हे कळलं की बरीच कोडी सुटतात. घाबरलेला अंगठा बटण जोरात दाबतो आणि दाबूनच ठेवतो. जेवढी भीती, तेवढा उशीर. छोट्या सैनिकांसमोर रोल झकास लागतो आणि बॉससमोर लागत नाही, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. सेटिंगमध्ये बटण बदलता येतं, पण धावणं आणि रोल दोन्ही मिळूनच दुसऱ्या बटणावर जातात, त्यांची फारकत होत नाही. तरी अंगठ्याऐवजी तर्जनीखालच्या बटणावर काहींची टिचकी हलकी पडते, करून बघायला हरकत नाही. आणि कंट्रोलरवरची काठी (स्टिक) कुठल्या तरी दिशेला झुकवलेली हवी. दिशा न देता बटण सोडलं तर गडी लोळत नाही, नुसतं एक पाऊल मागे उडी घेतो.

दुसरी खोड म्हणजे रांग. एखादी हालचाल चालू असताना दाबलेलं बटण खेळ विसरत नाही, लक्षात ठेवतो आणि ती हालचाल संपली की अमलात आणतो. धोंड्यासारखी जड तलवार फिरवताना घाबरून तीनदा रोल दाबला, की तलवारीचा फेरा पुरा होणार, मध्येच फटका बसणार आणि उठल्यावर गडी लोळणार. फटका खाल्ल्यावर आलेली ती लोळण उशिरा आलेली पहिली नव्हे, ती तुमची दुसरी किंवा तिसरी टिचकी आहे. एकदाच दाबायचं. सवय लागायला वेळ जातो, पण याला दुसरा इलाज नाही.

शिवाय ओझं. नवीन जाडजूड चिलखत मिळालं की अंगावर चढवायचा मोह होतोच. अंगावरचं वजन क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली असेल तर रोल हलका आणि लांब जातो, ७० टक्क्यांपर्यंत मध्यम. ७० ओलांडलं की गडी धप्पकन पडतो आणि सावकाश उठतो. चिलखताच्या पडद्यावर हे वजन लिहिलेलं असतं. नवी ढाल, नवी तलवार घेतली की तिकडे एक नजर टाकावी. उजव्या-डाव्या हातांची जास्तीची शस्त्रंही यात मोजली जातात, ती उगाच टांगून ठेवू नका.

उडीही उशिरा, आणि नेहमीच

आता खेळाबाहेर या. पहिला संशयित पडदा.

लॅपटॉप एचडीएमआयने हॉलमधल्या टीव्हीला जोडून खेळणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत. टीव्ही आलेलं चित्र तसंच दाखवत नाही. रंग भडक करतो, हालचाल गुळगुळीत करतो, कडा कोरतो, आणि या सगळ्याला वेळ लागतो. खेळ सेकंदाला ६० फ्रेमवर चालतो, म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. टीव्हीने सजावटीत १०० मिलिसेकंद घेतले तर तुम्ही सहा फ्रेम जुनं चित्र बघून बटण दाबताय. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो चालू केला की ही सगळी सजावट बंद पडते. चित्र जरा फिकं वाटेल, वाटू दे.

मोड चालू केला होता आणि आपोआप गेला, असं वाटत असेल तर सिरीयल बघणाऱ्या आईवर संशय घेऊ नका. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक पोर्टाचा पिक्चर मोड वेगळा साठवलेला असतो. सेट-टॉप बॉक्सच्या पोर्टावर तिने काहीही केलं तरी तुमच्या पोर्टाला धक्का लागत नाही. बहुधा साफसफाईत तुमची वायर दुसऱ्या पोर्टात गेलेली असते.

दुसरा संशयित कानात असतो. पावसाची सर पत्र्यावर कोसळायला लागली की टीव्हीचा आवाज कितीही वाढवा, ऐकू येत नाही. मग ब्लूटूथचे इयरफोन निघतात. साध्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त मागे राहणं नेहमीचं आहे. मार्गिटच्या काठीचा सूं आवाज ऐकून जो लोळतो, तो काठी लागल्यावर लोळतो. पावसाळ्यापुरता वायरवाला हेडफोन काढा. उन्हाळ्यात बरा खेळणारा माणूस पावसाळ्यात खेळात सारखा का मरतो, याचं हे कारण अनेकांच्या ध्यानातच येत नाही, कारण ऐकणं बदललंय असं कुणाला वाटतच नाही.

मग कंट्रोलर. आधी वायर लावून बघा. वायरवर नीट चालला तर कंट्रोलर चांगला आहे, ब्लूटूथचा रस्ता अडतोय. ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. त्यातच जोरात चालणारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क ब्लूटूथच्या डाँगलला खेटून लावली असेल तर तिचा गोंगाट त्याच पट्ट्यात शिरतो. डाँगल छोट्या एक्स्टेन्शन वायरने पुढे, मोकळ्यावर आणा. वायरवरही गडी आपोआप एका बाजूला सरकत असेल तर मात्र कंट्रोलरच्या काठीखालची पट्टी झिजली आहे, तिथे दुरुस्ती किंवा बदलच.

अधूनमधून अडखळतो

किनाऱ्यावरचा खरा त्रास हा. गणपतीला मुंबईहून आलेला चुलतभाऊ सांगतो, 'माझ्या लॅपटॉपवर तिकडे मस्त चालतो.' गावच्या घरात तोच लॅपटॉप संध्याकाळी सातनंतर अडखळायला लागतो. लॅपटॉप तोच, खेळ तोच, बदलली ती वीज.

लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि पडदा चालूच राहतो, म्हणून आपल्याला वाटतं काही बिघडलं नाही. पण गेमिंग लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपला जेवढी ताकद लागते तेवढी बॅटरी देऊ शकत नाही, त्यामुळे लॅपटॉप तिला मुद्दाम आवरतो. एनव्हिडियाच्या चिपवर 'बॅटरी बूस्ट' नावाची सोय असते, ती बॅटरीवर फ्रेम ३० पर्यंत बांधून ठेवू शकते. ६० ला सरावलेल्या हाताला ३० म्हणजे चिखलात पाय रोवल्यासारखं लागतं. काही लॅपटॉपांत लाइट परत आल्यावरही 'परफॉर्मन्स' मोड आपोआप परतत नाही, लॅपटॉपवरच्या पंख्याच्या बटणाने तो पुन्हा लावावा लागतो. बॅटरी बूस्ट बंद करता येतं, पण केलं तरी बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते. लाइट गेली की बॉसच्या दारातल्या धुक्यात शिरू नये, एवढंच व्यवहार्य.

लाइट अजिबात जात नाही तरी अडखळतो, हे जास्त फसवं. गणपतीत वाडीभर माळा लागतात, पंप, मिक्सर, फ्रीज सगळं एकदम चालू, आणि डीपीपासून शेवटच्या टोकाला असलेल्या घरात व्होल्टेज १७०-१८० वर येतं. लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालणारा असतो, त्याला याचं काही वाटत नाही. वाटतं ते इन्व्हर्टरला. घरगुती इन्व्हर्टरवर एक छोटा खटका असतो, एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'इको' किंवा 'नॉर्मल' लिहिलेला. यूपीएसवर ठेवला तर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चटकन वीज देतो, पण कमी व्होल्टेज त्याला चालत नाही. साधारण १८० च्या खाली आलं की तो लाइट गेलीच असं समजून स्वतःच्या बॅटरीवर जातो, जरा वाढलं की परत येतो, पुन्हा जातो. टक्, टक्, टक्. दर वेळी एक सूक्ष्म खंड पडतो, लॅपटॉप क्षणभर बॅटरीवर जातो, पडद्याचा उजेड हलकासा पडतो आणि त्याच क्षणी खेळ अडखळतो. उजेडाची उघडझाप आणि अडखळणं एकत्र होत असेल तर शोध संपला.

लॅपटॉपवाल्यांनी खटका इकोवर न्यावा. तिथे बदलायला थोडा जास्त वेळ लागतो, पण कमी व्होल्टेज चालवून घेतलं जातं, आणि खंड पडला तरी लॅपटॉपची स्वतःची बॅटरी तो भरून काढते. डेस्कटॉपवाल्यांचं उलटं. त्यांना बॅटरी नाही, इकोच्या खंडात मशीन रीस्टार्ट होऊ शकतं, म्हणून त्यांनी यूपीएसवरच ठेवावं आणि व्होल्टेज फारच उतरत असेल तर आधी स्टॅबिलायझर लावावा. कॉम्प्युटरसाठी मिळणारा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस हा यावरचा सोपा उपाय वाटतो, पण तो जेमतेम ३६० वॅट देतो. मोठं ग्राफिक्स कार्ड खेळ चालू असताना त्याहून जास्त ओढतं, तेव्हा लाइट गेल्याबरोबर तो एकदा ओरडतो आणि मशीनसकट बंद पडतो.

मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या गडगडाटात खेळू नका, हे सांगायला नकोच. फक्त प्लग काढून थांबू नका. छपरावरच्या डिशची वायर टीव्हीत येते, टीव्हीतून एचडीएमआय लॅपटॉपमध्ये जाते. विजेचा लोळ त्या रस्त्यानेही येतो. तीही सोडवून ठेवा.

वीज ठीक असूनही अर्ध्या तासाने अडखळायला लागत असेल तर उष्णता. नुसत्या दमट हवेने पंखा निकामी होत नाही. दर्याकडून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, ते धुळीबरोबर पंख्याच्या मागच्या पातळ पट्ट्यांवर चिकट थर धरतं, आणि तोंडाने फुंकर मारून तो जात नाही. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी, लॅपटॉप उघडणाऱ्या जाणकाराकडून तो कोरड्या ब्रशने काढून घ्यावा. यूएसबी आणि एचडीएमआयच्या तोंडाशी काळपट-हिरवट गंज दिसला तर मशीन बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, सायकलच्या चेनीला मारायच्या तेलाने नाही. कंट्रोलर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलेला बरा. पापड सादळतात त्या हवेत बटणंही सादळतात.

लॅपटॉपच मुळात कमी ताकदीचा असेल तर हे सगळं करून फारसं हाती लागणार नाही. खेळाने सांगितलेली किमान गरज १२ जीबी रॅम आणि ३ जीबीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड ही आहे. त्याच्या आसपास असाल तर सावल्या आणि गवत कमी करा. ६० आणि ४० मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा साधं चित्र बरं, हाताला ठेका सापडतो. पीएस ५ वाल्यांनी सेटिंगमध्ये फ्रेमरेटला प्राधान्य द्यावं. तरीही हेलकावे जाणवले तर त्याच मशीनवर खेळाची पीएस ४ ची आवृत्ती टाकावी, ती जास्त स्थिर चालते.

फक्त मार्गिटसमोर

बाकी सगळीकडे रोल बरोबर आणि स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या पुलावरच फसतो, तर तुम्हाला उशीर होत नाही, घाई होते. मार्गिट काठी वर नेतो आणि तिथेच धरून ठेवतो. काठी उगारलेली बघून लोळणाऱ्यांसाठीच रचलेला हा सापळा आहे. तुम्ही लोळता, उठता, आणि उठताना काठी बसते. मग वाटतं की रोल लागलाच नाही. नजर काठीच्या टोकावर नको, खांद्यावर ठेवा. वर जाताना काही करायचं नाही, खाली यायला सुटली की टिचकी. आणि पळायचं त्याच्यापासून दूर नव्हे, त्याच्या काठीच्या हाताखालून आत. दूर गेलात की तो उडी मारून येतो किंवा सोनेरी सुरे फेकतो.

एवढं करूनही भागलं नाही तर तो पूल सोडा आणि दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात जा. तिथे पातळी वाढते, तलवार सुधारायचे दगड मिळतात. हा बॉस लवकर भेटतो म्हणून लवकर मारायलाच हवा असं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत खेळ आला तेव्हापासून लोक याच पुलावर अडतात आणि वळसा घालूनच परत येतात.

लढाईच्या मध्ये मुख्य पडद्यावर फेकतो

हा लॅग नव्हे, पण त्याच तक्रारीत मोजला जातो म्हणून थोडक्यात. राउटर इन्व्हर्टरवर नसला की लाइट गेल्याबरोबर नेट जातं, आणि खेळ सर्व्हरशी जोडलेला असेल तर लढाई अर्ध्यावर सोडून सुरुवातीच्या पडद्यावर आणून टाकतो. एकट्याने खेळताना नेटची गरज नाही. सिस्टिमच्या मेनूत नेटवर्कच्या पानावर ऑफलाइन सुरू करायचा पर्याय आहे, पावसाळाभर तोच ठेवा. दुसऱ्यांचे संदेश आणि रक्ताचे डाग दिसणार नाहीत, एवढाच तोटा.

ऑफलाइन असलात तरी मेनू उघडल्यावर हा खेळ थांबत नाही, मागे शत्रू मारतच असतो. दारात कुणी आलं, माडाची झाप पडली, हाक आली, तर सामानाच्या पानावर जाऊन मदतीच्या बटणातून 'मेनू एक्स्प्लनेशन' उघडा. तो खुलासा पडद्यावर असेपर्यंत सगळं गोठलेलं राहतं.

खेळ स्वतःच सारखा सेव्ह करत असतो, त्यामुळे लाइट गेल्याने प्रगती फारशी जात नाही. पण नेमका लिहीत असतानाच डेस्कटॉप बंद पडला तर सेव्हची फाइल बिघडू शकते. विंडोजमध्ये अ‍ॅपडेटाच्या रोमिंग फोल्डरात एल्डन रिंगच्या नावाचं फोल्डर असतं, त्यात मूळ फाइल आणि तिच्या शेजारी 'बॅक' शेपटीची तिची प्रत असते. मूळ बिघडली तर ती बाजूला काढून प्रतीची शेपटी उडवायची आणि खेळ चालू करायचा. ती प्रत फार जुनी नसते, पण त्याच डिस्कवर असते. दर रविवारी ते अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा, खेळ पूर्ण बंद करून.